पगारपत्रकाची पीडीएफ मेलला जोडताना काय लिहायचं, काय आयतं घ्यायचं

पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सगळ्यांना पगारपत्रक मेल करा’ असं एक बटण लागतंच. आठशे कर्मचारी, प्रत्येकाची वेगळी पीडीएफ, एकेक दीडशे केबीच्या आसपास. अंदाजपत्रकात या बटणासमोर ‘अर्धा दिवस’ लिहिलेलं असतं, आणि लिहिणारा खोटं बोलत नसतो. मेल सर्व्हरच्या हवाली करण्याची ठरलेली भाषा म्हणजे एसएमटीपी, आणि तिच्या आज्ञा हाताच्या बोटांवर मोजता येतात: ईएचएलओ, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा, मग स्वतंत्र ओळीवर एक टिंब, आणि क्विट. टेलनेट या जुन्या साधनातून सर्व्हरला या आज्ञा हातानं टाइप करूनही मेल जातो. एवढ्यासाठी कुणाचं कॉम्पोनंट, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला सॉफ्टवेअरचा तयार भाग, विकत कशाला आणायचं?

नुसता मजकूर पाठवायचा असता तर मीही हेच म्हटलं असतं. घोटाळा ‘जोडा’ या शब्दात आहे. एसएमटीपीला अटॅचमेंट नावाची गोष्ट माहीतच नाही. १९८२ साली आरएफसी ८२१ आणि ८२२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांक घातलेली कागदपत्रं) आले तेव्हा मेल म्हणजे सात बिटांच्या अक्षरांच्या ओळी, बस्स. फाइल त्या ओळींत कशी कोंबायची याचे नियम दहा वर्षांनी ठरले. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ते माइम या नावानं मांडले. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइननं आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि आवाज जोडून मेल पाठवला. नोव्हेंबर १९९६मध्ये आरएफसी २०४५ ते २०४९ ही पाच कागदपत्रं आली, आणि आजही सगळं त्यांच्यावरच चालतं. फाइलच्या नावासाठी १९९७चे २१८३ आणि २२३१ वेगळे. म्हणजे त्या बटणामागे एसएमटीपी हाच सगळ्यात सोपा भाग आहे.

म्हणून ‘स्वतः लिहायचं की विकत घ्यायचं’ हे एकदाच विचारून भागत नाही. कामं चार आहेत. मजकूर आणि फाइल मिळून माइमचा संदेश रचणं. तो संदेश सर्व्हरच्या हवाली करणं. तिथून तो समोरच्याच्या इनबॉक्सात, स्पॅममध्ये नव्हे, पोचवणं. आणि कुणाला कोणती फाइल गेली याचा हिशेब ठेवणं. पहिल्या दोन कामांना उत्तम लायब्रऱ्या फुकट आहेत, त्या घ्या. तिसरं सरळ पैसे देऊन करून घ्या. चौथं स्वतः लिहा, कारण ते कुणी विकतच नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट दिसतं: माइम हातानं चिकटवलेलं, मेल सर्व्हर ऑफिसच्या कोपऱ्यातल्या मशीनवर, आणि हिशेब कुठेच नाही.

हातानं माइम लिहिलं की काय मोडतं

बेस-६४ पासून सुरुवात करू: फाइलचे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची ही रीत. दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात आणि दर ७६ अक्षरांनी ओळ तोडायची असते. म्हणजे ५७ बाइट आत गेले की ओळ संपल्याची सीआर-एलएफ ही दोन चिन्हं धरून ७८ बाइट बाहेर येतात. फाइल साधारण ३७ टक्क्यांनी फुगते.

इथली नेहमीची चूक अशी. फाइल मोठी असू शकते म्हणून ती ८१९२ बाइटांच्या तुकड्यांनी वाचायची, आणि प्रत्येक तुकडा वेगळा बेस-६४ करून पुढे लिहायचा. ८१९२ला तीननं भागलं की दोन उरतात. त्यामुळे पहिल्याच तुकड्याच्या शेवटी भरतीचं ‘=’ येतं, आणि ‘=’ दिसलं की काही डिकोडर (बेस-६४ परत उलगडणारा कोड) मजकूर संपला असं समजतात. चाचणीची पीडीएफ पाच केबीची असते, तिला दुसरा तुकडाच नसतो, सगळं सुरळीत दिसतं. दीडशे केबीची खरी फाइल मात्र एका मेल प्रोग्रॅममध्ये आठ केबीवर तुटते आणि दुसऱ्यात नीट उघडते, कारण दुसरा डिकोडर मधलं ‘=’ खपवून घेतो. मग ‘तुमच्याकडेच प्रॉब्लेम आहे’ असं म्हणत दोन आठवडे जातात. दुरुस्ती एका आकड्याची आहे. तुकडा ५७च्या पटीत घ्यायचा: ५७ गुणिले १४४, म्हणजे ८२०८.

ओळ न तोडता सगळं बेस-६४ एकाच ओळीत ठेवलं तर? मेलच्या ओळीची कमाल मर्यादा ९९८ अक्षरं आहे. वाटेतला सर्व्हर लांब ओळ स्वतः तोडतो. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर तोडताना पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागाही घालतो. डिकोडर ती जागा दुर्लक्षित करतात, फाइल उघडते. पण डीकेआयएमची सही (मेल खरंच त्या डोमेनचा आहे आणि वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी) त्याआधी केलेली असेल तर संदेशाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, बदलतो आणि सही मोडते. मेल स्पॅममध्ये का जातात याचा शोध सगळे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, घेत बसतात, दोष असतो ओळीच्या लांबीत.

ओळीचा शेवट हाही असाच छुपा विषय. लिनक्सवर लिहिलेला कोड सहज नुसतं एलएफ टाकतो. एसएमटीपीला सीआर-एलएफ हवं. पूर्वी सर्व्हर हे चालवून घ्यायचे. डिसेंबर २०२३मध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाचा हल्ला उघड झाला. ओळीच्या शेवटाचा अर्थ दोन सर्व्हर वेगवेगळा लावतात, याचा फायदा घेऊन एका मेलच्या पोटात दुसरा मेल दडवायचा. तेव्हापासून सुट्या एलएफबद्दल सर्व्हर कडक झाले. वर्षानुवर्षं चालत आलेला घरगुती कोड अचानक नाकारला जातो तो अशानं.

संदेशाची रचना झाडासारखी असते आणि फांद्या चुकल्या की फाइल गायब होते. सगळ्यात बाहेर ‘मल्टिपार्ट मिक्स्ड’. त्याच्या आत पहिला भाग ‘मल्टिपार्ट अल्टरनेटिव्ह’: त्यात आधी साधा मजकूर, मग एचटीएमएल. एचटीएमएलमध्ये कंपनीचा लोगो दिसायचा असेल तर तो आणि एचटीएमएल मिळून ‘मल्टिपार्ट रिलेटेड’. पीडीएफ या सगळ्याच्या बाहेर, ‘मिक्स्ड’ची दुसरी फांदी म्हणून. घाईत पीडीएफ ‘अल्टरनेटिव्ह’मध्ये पडते. ‘अल्टरनेटिव्ह’चा अर्थ ‘यातलं जमेल ते एकच दाखव’ असा आहे. प्रोग्रॅम एचटीएमएल दाखवतो आणि पीडीएफ त्याच मजकुराचं दुसरं रूप समजून सोडून देतो, किंवा पीडीएफ धरतो आणि पत्र सोडतो. लोगो ‘मिक्स्ड’मध्ये टाकला तर प्रत्येक पगारपत्रकासोबत लोगोचीही अटॅचमेंट दिसते. ही चूक तर अजूनही रोज कुठल्या ना कुठल्या मेलमध्ये भेटते.

देवनागरी आली की

विषयाची ओळ घ्या: ‘पगारपत्रक ऑगस्ट २०२४’. हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या ओळींत, देवनागरी जशीच्या तशी सगळीकडे चालेल असं धरून चालत नाही. आरएफसी २०४७ प्रमाणे ती गुंडाळून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, द्यावी लागते. एका गुंडाळीची कमाल लांबी ७५. कॅरेक्टर सेट आणि पद्धत सांगण्यात सुरुवातीची दहा चिन्हं जातात, शेवटी दोन. उरतात ६३, आणि बेस-६४ चारच्या पटीत चालतं म्हणून ६०. साठ अक्षरांत ४५ बाइट बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, यूटीएफ-८ या लिपीसंकेतात तीन बाइटांचं. म्हणजे एका गुंडाळीत पंधरा चिन्हं.

आता वरची ओळ मोजा. ‘पगारपत्रक’ नऊ चिन्हं, २७ बाइट. मोकळी जागा, २८. ‘ऑगस्ट’ पाच चिन्हं, ४३. पुन्हा मोकळी जागा, ४४. पंचेचाळिसावा बाइट ‘२’ या अंकाचा पहिला बाइट आहे. दर ४५ बाइटांनी डोळे मिटून कापणारा कोड तो ‘२’ मधोमध चिरतो: एक बाइट या गुंडाळीत, दोन पुढच्या. नियम सांगतो की प्रत्येक गुंडाळी एकटी उलगडता आली पाहिजे. काही प्रोग्रॅम दोन्ही जोडून मग उलगडतात, तिथे दोष झाकला जातो. काही एकेक उलगडतात, तिथे ‘पगारपत्रक ऑगस्ट’च्या पुढे प्रश्नचिन्हाच्या चौकटी आणि मग ‘०२४’ दिसतं. गंमत म्हणजे ४५ला तीननं भाग जातो, त्यामुळे मोकळी जागा नसलेल्या सलग देवनागरीवर ही चूक कधीच दिसत नाही. ‘चाचणीचाचणीचाचणी’ असा विषय देऊन तपासणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

फाइलच्या नावाचे नियम आणखी वेगळे. २०४७ची गुंडाळी फाइलनावाला लावू नये असं तो आरएफसी स्वतःच सांगतो, आणि तरीही कित्येक प्रोग्रॅम लावतात. अधिकृत रीत २२३१ची: प्रत्येक बाइट टक्का चिन्ह आणि दोन षोडशमान अंकांनी लिहायचा. म्हणजे एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं. नुसतं ‘पगारपत्रक’ ८१ अक्षरांचं होतं. ओळीत मावत नाही म्हणून त्याचे क्रमांक घातलेले तुकडे करावे लागतात. आणि ते तुकडे परत जोडता न येणारे जुने प्रोग्रॅम अजून वापरात आहेत. मग कर्मचाऱ्याला फाइलचं नाव ‘एटीटी००००१’ किंवा ‘नोनेम’ असं दिसतं, पीडीएफ हे शेपूट गेलेलं असतं, आणि मोबाइल ती उघडायला नकार देतो. मराठीचा अभिमान विषयात आणि मजकुरात बाळगावा. फाइलचं नाव साध्या रोमन अक्षरांत, आकडे आणि अधोरेषा एवढ्यावर ठेवावं. कर्मचारी क्रमांक, वर्ष, महिना, संपलं.

तरीही वापरकर्त्यानं स्वतः दिलेलं मराठी नाव जपायचं असेल, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’, तर ‘ऱ्य’कडे लक्ष ठेवा. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकतर स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, नाहीतर ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असा. सुरक्षेच्या नावाखाली ‘अदृश्य चिन्हं’ गाळणारं फंक्शन तो जोडक खाऊन टाकतं आणि ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. गाळायची ती सीआर, एलएफ आणि इतर नियंत्रण चिन्हं. ती मात्र गाळायलाच हवीत, नाहीतर फाइलच्या नावात ओळ तोडून कुणीही हेडरमध्ये स्वतःचा ‘बीसीसी’ घुसवू शकतो.

सीएसव्ही जोडत असाल तर तीही बेस-६४मध्येच पाठवा. मजकूर म्हणून पाठवली तर वाटेत ओळींचे शेवट बदलू शकतात आणि बँकेच्या बाजूला फाइलची बेरीज जुळत नाही. आणि सुरुवातीला यूटीएफ-८ची ओळखखूण असलेले तीन बाइट घाला, नाहीतर एक्सेलमध्ये डबल क्लिक केल्यावर मराठी नावांचा भुसा होतो.

लायब्ररी, आणि पैसे देऊन घ्यायचं कॉम्पोनंट

वरचं सगळं कुणीतरी वीस-वीस वर्षं निस्तरत आलेलं आहे. पायथनमध्ये ईमेल-मेसेज हा वर्ग भाषेसोबतच येतो, ३.६पासून तोच वापरायचा. जुन्या उत्तरांतून माइम-मल्टिपार्ट आणि माइम-बेस उचलून चिकटवण्याची गरज उरलेली नाही. पीएचपीत पीएचपीमेलर किंवा सिम्फनी मेलर. स्विफ्ट मेलरची देखभाल नोव्हेंबर २०२१ला थांबली, जुन्या प्रकल्पात दिसला तर काढा. नोडला नोडमेलर. जावाला जकार्ता मेल. डॉटनेटमध्ये भाषेसोबत येणारा एसएमटीपी-क्लायंट नव्या कामासाठी वापरू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं आणि मेलकिटकडे बोट दाखवतं. गोमध्ये मात्र सोबतचं एसएमटीपी पॅकेज गोठवलेलं आहे आणि त्यात अटॅचमेंटची सोयच नाही, तिथे बाहेरची लायब्ररी लागते.

फुकट म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. डिसेंबर २०१६मध्ये पीएचपीमेलरमध्ये दूरून कोड चालवता येईल असा दोष निघाला. ५.२.१८मधली दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांतच ५.२.२० काढावी लागली. ज्यांनी फाइल कॉपी करून प्रकल्पात टाकली होती त्यांना आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हेच माहीत नव्हतं. लायब्ररी पॅकेज मॅनेजरमधूनच घ्या आणि तिच्यात हात घालून बदल करू नका.

मग विकतचं कॉम्पोनंट कुणी घ्यावं? नुसती पीडीएफ जोडून पाठवायची असेल तर आज तरी कुणी नाही. पण काही कामं खरोखर अवघड आहेत. आउटलुकच्या एमएसजी आणि पीएसटी फाइली वाचणं. ‘विनमेल डॉट डॅट’ या नावानं येणारं गाठोडं सोडवणं. एस-माइमची सही आणि कूटलेखन. किंवा डेल्फी, व्हीबी६ यांतलं जुनं सॉफ्टवेअर, जे पुन्हा लिहिणं परवडत नाही पण ज्याला आजचं टीएलएस (जोडणीवरचं कूटलेखन) बोलता आलं पाहिजे. इथे परवान्याचे पैसे वसूल होतात. घेण्याआधी जाहिरातीतली वैशिष्ट्यांची यादी बाजूला ठेवून चार गोष्टी विचारा: परवाना डेव्हलपरमागे की सर्व्हरमागे, ग्राहकाकडे बसवताना वेगळे पैसे पडतात का, सोर्स कोड मिळतो का, आणि नूतनीकरण थांबवलं तर आहे ती आवृत्ती चालत राहते का. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते विकत घेणं नव्हे, भाड्यानं घेणं आहे. भाड्यालाही हरकत नाही, फक्त हिशेबात तसं लिहा.

किती मोठी फाइल

जीमेलची ‘२५ एमबी’ची मर्यादा ऐकून ग्राहक २४ एमबीचा स्कॅन जोडायला जातो. अनेक ठिकाणी मर्यादा फुगलेल्या संदेशाला लागू होते. २५ला १.३७नं भागा, खरी फाइल जेमतेम १८ एमबी. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे साडेसात एमबीच्या आतली फाइल. ती मर्यादा कधीच न बदललेले सर्व्हर भरपूर आहेत. पैसे घेऊन मेल पोचवणाऱ्या सेवांच्या मर्यादाही वेगवेगळ्या: पोस्टमार्क १० एमबी, मेलगन २५, सेंडग्रिड ३०, ॲमेझॉन एसईएस एसएमटीपीवरून ४०. पण तुमच्या सेवेनं ४० घेतले म्हणून समोरचा सर्व्हर घेईलच असं नाही. तो ५५२ हा नकाराचा क्रमांक सांगून परत पाठवतो. माझा आकडा ७ एमबी. त्यापुढे फाइल जोडू नका, मुदतीची लिंक द्या. ॲमेझॉनच्या एस३ या फाइलसाठ्याची सही केलेली लिंक जास्तीत जास्त सात दिवस टिकते. आणि कंपन्यांचे गेटवे, म्हणजे येणारे मेल गाळणारे सर्व्हर, तपासणीसाठी लिंक स्वतःच उघडून बघतात, त्यामुळे ‘एकदाच उघडेल’ अशी लिंक माणसाच्या हाती पोचेपर्यंत संपलेली असते.

पीडीएफला पासवर्ड घालून पाठवणं ठीक. पासवर्ड घातलेली झिप मात्र टाळा. आत काय आहे ते दिसत नाही म्हणून कित्येक गेटवे ती अडवतात. ईएक्सई, बॅट, जार, जेएस या फाइली तर जीमेल झिपमध्ये लपवल्या तरी घेत नाही.

हवाली करताना

इथला एकच मुद्दा नीट समजून घ्यायचा आहे. डेटा पाठवून झाल्यावर शेवटचं टिंब दिलं की समोरचा सर्व्हर ‘२५०’, म्हणजे ‘स्वीकारलं’, म्हणेपर्यंत थांबायचं असतं. आरएफसी ५३२१ या थांबण्याला दहा मिनिटं देतो. अटॅचमेंट असली की सर्व्हर त्याच वेळात व्हायरस तपासतो, त्यामुळे उत्तराला मिनिटभरही लागू शकतं. आपल्या कोडमध्ये मात्र सगळ्यालाच ३० सेकंदांचा टाइमआउट लावलेला असतो. तिसाव्या सेकंदाला आपण ‘फसलं’ समजून पुन्हा पाठवतो. तिकडे पहिला मेल चाळिसाव्या सेकंदाला स्वीकारला जातो. कर्मचाऱ्याला एकच पगारपत्रक तीनदा. जोडणीला ३० सेकंद पुरेत, शेवटच्या टिंबानंतर दहा मिनिटं द्या.

उत्तरातला पहिला आकडा पाहा. ४नं सुरू झालं तर थांबून पुन्हा प्रयत्न, अर्ध्या तासाच्या अंतरानं. ५नं सुरू झालं तर पुन्हा नाही. ५५०ला दर मिनिटाला ठोकत राहणारा प्रोग्रॅम स्वतःच्या आयपीचं नाव स्वतःच खराब करतो.

पोचवणं विकतच घ्या

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं ही तांत्रिकदृष्ट्या दोन दिवसांची आणि प्रत्यक्षात कायमची नोकरी आहे. ॲमेझॉन ईसी२ आणि गूगल क्लाउड यांच्या भाड्याच्या सर्व्हरांवर मेल पाठवण्याचं २५ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या बाजूला मुळातच बंद असतं. शिवाय आयपीवरून नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंद, पाठवणारा खरा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या व्यवस्था, नव्या आयपीची हळूहळू ओळख करून देणं, काळ्या याद्यांवर नजर. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूनं नियम आणखी आवळले: मोठ्या संख्येनं (जीमेलच्या हिशेबात दिवसाला पाच हजारांवर) मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी तिन्ही हवेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली.

ॲमेझॉन एसईएसचा दर हजार मेलला १० सेंट, आणि अटॅचमेंटच्या एका जीबीला १२ सेंट. आठशे पगारपत्रकांचे मेलचे आठ सेंट, आणि १२० एमबीचे दीड सेंटच्या आसपास. महिन्याला दहा सेंटांच्या आत जे काम होतं त्यासाठी सर्व्हर सांभाळायला माणूस ठेवणं मला तरी समर्थनीय वाटत नाही. नवं खातं आधी सँडबॉक्समध्ये असतं: २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, तेही तपासून घेतलेल्या पत्त्यांवरच. पगाराच्या आदल्या दिवशी हे कळलं तर उपयोग नाही, अर्ज आधी करा. ‘आपल्या जीमेलवरूनच पाठवू’ म्हणणाऱ्यांसाठी: साध्या खात्याला दिवसाला ५००, वर्कस्पेसला २०००. आठशे माणसांना वर्कस्पेस पुरतं, पण त्या दिवशी खात्याची मर्यादा बऱ्यापैकी खाल्ली जाते.

परत आलेले मेल ५ टक्क्यांवर गेले की एसईएस खातं तपासणीखाली घेतं, १० टक्क्यांवर पाठवणं थांबवू शकतं. आठशेत पाच टक्के म्हणजे चाळीस. नोकरी सोडून गेलेल्यांचे ऑफिसचे पत्ते यादीत राहिले की चाळीस व्हायला वेळ लागत नाही.

सेवेशी बोलताना तिचा खास एपीआय, म्हणजे फक्त तिलाच कळणाऱ्या आज्ञा, यांऐवजी एसएमटीपी, पोर्ट ५८७, वापरा. किंचित हळू असतं. पण उद्या सेवा बदलायची झाली तर सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड एवढंच बदलतं. एपीआयच्या नादी लागलं की अटॅचमेंटचा कोड त्या सेवेच्या साच्यात अडकतो.

आणि पगारपत्रकात पॅन असतो, खाते क्रमांक असतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार काम बाहेरून करून घेतलं तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. सेवेनं मेलचा मजकूर किती दिवस साठवायचा ते सेटिंगमध्ये पाहा, करारातही वाचा.

हिशेब, जो कुणी विकत नाही

या क्षेत्रातला सर्वांत महाग बग दोन ओळींचा आहे. मेलची एकच वस्तू तयार करायची, आठशे कर्मचाऱ्यांचा लूप चालवायचा, आणि प्रत्येक फेरीत ‘ॲड-अटॅचमेंट’ म्हणायचं. पीएचपीमेलर मागची फाइल आपणहून काढत नाही. पहिल्याला एक पगारपत्रक, दुसऱ्याला दोन, आठशेव्याला सगळ्या कंपनीचे पगार. पत्ते साफ करायचं लक्षात राहतं, ‘क्लिअर-अटॅचमेंट्स’ राहून जातं. प्रत्येक मेलसाठी नवी वस्तू बनवा; जुनीच वापरून वाचणारे मिलिसेकंद कुणाला हवे आहेत? जोडणी मात्र तीच ठेवा, दर मेलला नवीन टीएलएस करत बसू नका.

पाठवायच्या मेलच्या रांगेसाठी डेटाबेसात एक तक्ता पुरतो. कर्मचारी, महिना, कागदाचा प्रकार आणि आवृत्ती या चौघांवर मिळून अनन्यतेचं बंधन, म्हणजे बटण दोनदा दाबलं तरी दुसरी ओळ तयारच होत नाही. शिवाय पत्ता, फाइलचा एसएचए-२५६ ठसा, स्थिती, सर्व्हरचं शेवटचं उत्तर जसंच्या तसं, आणि प्रयत्नांची संख्या. मेसेज-आयडी आपण घातला तरी एसईएस तो बदलतं, म्हणून ‘२५०’च्या उत्तरात आलेला क्रमांक जपून ठेवा, परत आलेला मेल कुणाचा हे त्यावरूनच जुळतं.

एक फट उरतेच. सर्व्हरनं ‘२५०’ म्हटलं आणि ते तक्त्यात लिहिण्याआधी प्रोग्रॅम पडला. मेल गेला की नाही हे तक्ता सांगू शकत नाही. त्यासाठी ‘पाठवतोय’ अशी वेगळी स्थिती ठेवा आणि पुन्हा सुरू झाल्यावर त्या ओळी आपोआप न पाठवता माणसापुढे ठेवा. आठशेत अशा एक-दोनच असतात.

पाठवण्याच्या अगदी आधी तीन गोष्टी तपासा. अटॅचमेंट बरोबर एकच आहे. पीडीएफमधून काढलेला कर्मचारी क्रमांक ओळीतल्या क्रमांकाशी जुळतो. फाइलच्या नावावर विसंबू नका, नाव तुम्हीच दिलेलं असतं. आणि फाइलचे पहिले पाच बाइट टक्का चिन्ह, पीडीएफ ही तीन अक्षरं आणि आडवी रेघ असेच आहेत. डिस्क भरली की पीडीएफ बनवणारा भाग शून्य बाइटांची फाइल मागे ठेवतो, लायब्ररी ती निमूटपणे जोडते, आणि सर्व्हर तितक्याच निमूटपणे ‘२५०’ म्हणतो.